वारं गेलं नाही, रक्त अडलं

परवा बैठकीत मी लकव्याचा विषय काढला तर एकजण हसला. म्हणाला, "अरे, हा काय चळवळीचा विषय आहे? अत्याचारावर बोल, आरक्षणावर बोल. लकवा म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं. ते डॉक्टरांवर सोड."

सोडलं होतं ना दोस्ता. डॉक्टरांवरच सोडलं होतं. त्याचा हिशेब मांडायला आज बसलोय.

माझी आय रायगडच्या किनाऱ्यावरची. खाडीच्या कडेला आमची बुद्धवाडी. तिनं तीस वर्षं दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलली. वाडी दुसऱ्याची, पोफळी दुसऱ्याच्या, सुपारी दुसऱ्याची. सोलून सोलून काळी पडलेली बोटं तेवढी तिची. सकाळी मिश्री, दुपारी सुक्या मासळीचं खारट कालवण आणि भात. बीपी म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. कुणी कधी तिच्या दंडाला पट्टा बांधलाच नव्हता. छप्पन्न वर्षांची होती. म्हातारी म्हणू नका.

पहाटे साडेपाचला तिच्या हातातून तांब्या पडला. मी सुट्टीवर घरी होतो. उठून बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात ओल्या फडक्यासारखा लोंबतोय. बोलायला गेली तर शब्द नाही, नुसता आवाज. शेजारची काकी धावत आली आणि म्हणाली, "अंगावरून वारं गेला रे हिच्या."

वारं गेलं! आपल्या भाषेनं या रोगाला दिलेलं हे नाव बघा. वारं जातं म्हणजे कुणाचाच दोष नाही. वाऱ्याला कुठं जाब विचारता येतो? मालकानं राबवलं नाही, सरकारनं टाळलं नाही, डॉक्टर चुकला नाही. वारं आलं आणि गेलं. शोषकाला याच्याहून सोयीचं निदान जगात सापडायचं नाही.

आता लाज वाटते म्हणूनच लिहितो. आमच्या घरात बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. आणि त्याच भिंतीखाली बसून एका मामांनी कबुतर आणायला पोरगा पिटाळला. कबुतराचं ऊन रक्त चोळलं की वारं उतरतं म्हणे. मी बी.ए. झालेला, मोर्च्यात घसा फोडणारा, अर्धा तास त्या कबुतराची वाट बघत उभा होतो. मामांशी भांडलो नाही. त्या अर्ध्या तासाची किंमत मला नंतर कळली. मोठी नळी अडलेल्या लकव्यात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेलाय. दर मिनिटाला एक मोठं शहर. अर्ध्या तासात तीस शहरं. मी कबुतराची वाट बघत होतो.

पुढचं ऐका. १०८ ला फोन केला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. सात वाजता एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्यानं बीपी बघितलं, घाबरला, जिभेखाली गोळी फोडली. म्हणाला, "बीपी उतरलं की मोकळी होईल." शास्त्र नेमकं उलटं सांगतं. नळी अडलेली असताना वरचा दाब हाच मेंदूला उरलेला आधार असतो. तो असा धाडकन पाडायचा नसतो. पण त्याला कोण विचारणार? आम्ही हात जोडून उभे.

मग एका कोळी मित्राचा मासळीचा टेम्पो. आय मागं फळीवर, खाली वितळलेल्या बर्फाचं पाणी. साडेआठला सरकारी दवाखाना. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरला काही येत नव्हतं असं नाही. त्याच्याकडे काही नव्हतं. "इथं सीटी नाही. पुढं न्या." एका कागदावर एक शब्द : रेफर. रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाचं मरण बऱ्याचदा या एका शब्दात लिहिलेलं असतं. पुढं न्या म्हणजे घाट. पुढं न्या म्हणजे तो मुंबई-गोवा हायवे, ज्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि आमच्या कंबरा मोडतंय. अकरा वाजता रस्त्यावरच्या एका खाजगी हॉस्पिटलात शिरलो. आधी डिपॉझिट, मग सीटी. अकरा चाळीसला रिपोर्ट : रक्तस्राव नाही, नळी अडलीय. मी विचारलं, "मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन?" डॉक्टरनं घड्याळाकडे बघितलं. "उशीर झाला."

ते इंजेक्शन पहिल्यांदा १९९५ च्या अमेरिकन चाचणीत तीन तासांपर्यंत उपयोगी ठरलं. २००८ च्या युरोपातल्या चाचणीनं ती मुदत साडेचार तासांवर नेली. साडेपाचात साडेचार मिळवा. दहा. दहा वाजता दार बंद झालं. दहा वाजता आम्ही घाटात होतो. आयचे पाय बर्फाच्या पाण्यात भिजत होते आणि मी माझ्या शर्टानं ते पुसत होतो.

मोठी नळी अडली असेल तर तार घालून गुठळी ओढूनही काढतात. २०१५ साली चाचण्यांनी ते सिद्ध केलं. २०१८ नंतर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करतात. संध्याकाळी मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, "वाचवण्यासारखा भाग आता फार उरला नाही." तो प्रामाणिक होता. त्याच्यावर माझा राग नाही.

तिसऱ्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टरीण खाटेजवळ छोटं मशीन घेऊन आली. पेनासारखी एक कांडी. तिनं आयच्या कानाच्या पुढं, कानशिलावर, थंडगार जेल लावलं आणि कांडी टेकवली. आधी नुसती खरखर. तिनं कांडी केसभर हलवली. आणि आवाज आला. शूss... शूss... शूss. भरतीचं पाणी खाडीच्या तोंडातून आत शिरतं, तसा.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या आईच्या मेंदूतलं रक्त. वाहतंय, त्याचा आवाज."

मग तिनं डाव्या कानशिलावर कांडी ठेवली. बराच वेळ शोधलं. तिथला आवाज दबलेला, लांबून आल्यासारखा. "इथं अडलंय," ती म्हणाली. डाव्या बाजूची मधली धमनी. डावा मेंदू म्हणजे उजवं अंग, आणि बहुतेकांची भाषाही तिथंच. माझ्या आयची वाचा त्या दबलेल्या आवाजाच्या पलीकडं गाडली गेली होती.

छप्पन्न वर्षांत माझ्या आयचं कुणी ऐकलं नव्हतं. मालकानं नाही, ग्रामपंचायतीनं नाही, बापानं नाही. मीही नाही. ती मुकी झाली आणि मग कुणीतरी तिच्या डोक्याला कान लावला.

मित्रांनो, मी त्या कांडीच्या मागं लागलो. वाचलं. विचारलं. तुम्हालाही सांगतो, कारण शास्त्र ही कुणा बामणाची वतनदारी नाही.

१८४२ साली प्रागमध्ये डॉपलर नावाच्या माणसानं मांडलं की लाटा सोडणारी वस्तू जवळ येते तेव्हा लाटा दाटतात, लांब जाते तेव्हा विरळ होतात. एस.टी. हॉर्न वाजवत जवळ येते आणि पुढं निघून जाते, तेव्हा आवाज कसा बदलतो ते ऐका. तेच. वाहत्या रक्तावर आवाज आपटवा, परत येणारा आवाज बदललेला असतो. किती बदलला त्यावरून रक्ताचा वेग निघतो. पण मेंदूभोवती कवटी आहे. हाडात आवाज मरतो. म्हणून मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या नळ्या या रीतीनं ऐकता येणार नाहीत असं धरून चालले होते. १९८२ साली रूने आस्लिड या नॉर्वेच्या माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी २ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २० लाख कंपनांचा आवाज वापरला. कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथून तो आत गेला आणि परत आला. डॉक्टर त्या जागेला खिडकी म्हणतात. या तपासणीचं नाव ट्रान्सक्रेनियल डॉपलर. चीर नाही, सुई नाही, किरणं नाहीत. खाटेजवळ होते, दर तासाला करता येते. बागेतली रबरी नळी बोटानं दाबली की पाणी जोरात सुटतं. तशी मेंदूतली नळी जिथं अरुंद झालेली, तिथं रक्ताचा वेग वाढलेला दिसतो. नळी पूर्ण बुजली तर आवाजच नाही. इंजेक्शन दिल्यावर गुठळी विरघळतेय की नाही, हेही तिथल्या तिथं ऐकू येतं.

आणि एक गोष्ट. ही माझ्या डोक्यातून जात नाही. हा आवाज हवेतून आत जात नाही. कांडी आणि कातडी यांच्यात हवेचा पातळसा थर राहिला तरी तो तिथूनच परत फिरतो. म्हणून जेल. म्हणून टेकवावंच लागतं. हात लावल्याशिवाय हे मशीन चालत नाही.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या लिखाणात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र घेतलंय. १९२९ साली ते छापून आलं होतं. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर यायला तयार नाही. आला तो अटी घालून. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावलं, आणि तसंच उलट्या वाटेनं परत. अंगाला बोट न लावता निदान. ती बाई मेली. त्या डॉक्टरच्या आणि तिच्या मध्ये हवेचा एक थर होता. चार हजार वर्षांचा थर.

आज कुणी थर्मामीटर असं फिरवत नाही. आज तो थर मैलांचा आहे, डिपॉझिटचा आहे, केसपेपरच्या खिडकीचा आहे. कवटीच्या हाडानं आपल्याला खिडकी ठेवलीय. तुमच्या दवाखान्यानं ठेवली नाही.

आता त्या आवाजाची दुसरी गोष्ट. अल्ट्रासाऊंडचं मशीन आपल्या तालुक्याच्या गावांत आलेलंच नाही असं कुणी समजू नका. रस्ता नव्हता तिथंही ते पोचलं. कशासाठी? गर्भात मुलगी आहे का बघायला. त्या धंद्याला आळा घालायला महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा १९८८ साली कायदा केला. मग १९९४ चा केंद्राचा कायदा, २००३ ची दुरुस्ती. म्हणजे बघा, एकच लाट. ती पोरीला शोधून मारायला वापरायची तर पैसा, मशीन, माणूस सगळं हजर. तीच लाट पोरीच्या आयच्या मेंदूपर्यंत न्यायची तर म्हणे परवडत नाही. मशीनला जात नसते, लिंग नसतं. ते कुणाच्या अंगावर कुठं टेकवायचं हे बाजार ठरवतो, आणि बाजाराला दोन्ही असतात.

काही डॉक्टर या कायद्यावर खार खाऊन आहेत. २०१२ च्या नियमानं फिरतं मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल पेशंटसाठी, वापरायचं. नाहीतर इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या दवाखान्याचा भाग म्हणून. ते म्हणतात, या कायद्यामुळं खेड्यात मेंदू तपासता येत नाही. खोटं. कायद्यानं फिरत्या दवाखान्याचं दार उघडं ठेवलंय. त्या दारातून या. आमच्या पोरींच्या जिवावर मेंदू वाचवायचं सोंग नको.

आता आपल्याच गोटातल्या एका शहाण्याशी भांडतो. तो डॉक्टर आहे, भला माणूस आहे. त्यानं कल्पना काढली : मोबाईलला जोडायची स्वस्त मशीनं घ्या, कोकणातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एकेक द्या, लकवा तिथंच पकडा. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. आयची तपासणी बघून आलेला मीच विरोध करतोय म्हणून लोक चकित झाले.

कारण ऐका. लकवा दोन तऱ्हेचा. एक, नळी अडली. दोन, नळी फुटली. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. गुठळी विरघळवायचं औषध फुटलेल्या नळीवर दिलंत तर माणूस मारलात. अडलंय की फुटलंय हे ठरवायला सीटी लागतो. ही कांडी ते खात्रीनं सांगू शकत नाही. दुसरं, सगळ्यांच्या हाडाला खिडकी असतेच असं नाही. साधारण दहात एका-दोघांना ती मिळत नाही, आणि ती न मिळण्याचं प्रमाण जास्त कुणात? वय झालेल्या बायकांत. म्हणजे माझ्या आयच्या पिढीत. तिसरं, हात तयार लागतो. त्या डॉक्टरणीनं केसभर कांडी हलवून जे शोधलं, ते आठ दिवसांच्या शिबिरात येत नाही.

मग कांडी तेवढी पाठवली आणि पुढचं काहीच पाठवलं नाही तर काय होईल? पूर्वी अंदाजानं रेफर करायचे, आता आवाज ऐकवून रेफर करतील. मरणाला पार्श्वसंगीत! आम्हाला नेहमी हेच मिळत आलंय. शहराला धरण, आम्हाला हातपंप. शहराला कॉलेज, आम्हाला साक्षरता वर्ग. शहराला सीटी, इंजेक्शन आणि तार, आम्हाला कांडी. स्वस्तातलं शास्त्र गरिबाला आणि पुरतं शास्त्र श्रीमंताला, हा नवा मनुस्मृतीचा अध्याय आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी जाळली तिची ही सुधारित आवृत्ती.

कांडी सीटीच्या जोडीला हवी. सीटीच्या बदली नको. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या डॉक्टरांनी ती अँब्युलन्समध्ये नेऊन वाटेतच मोठी नळी अडल्याचं ओळखून दाखवलं. पण तिथं गाडीच्या पुढं रस्ता होता आणि रस्त्याच्या शेवटी तयार हॉस्पिटल होतं. त्याच जर्मनीत सीटी मशीनच गाडीत बसवून पेशंटच्या दारात नेलं. आणि हे आपल्या देशात होत नाही म्हणू नका. आसामात आयसीएमआरनं अशी सीटीची गाडी चालवून दाखवलीय. चहाच्या मळ्यांच्या मुलखात ती जाते, तर पोफळीच्या वाड्यांत का येत नाही?

शास्त्राची इज्जत मी का करतो तेही सांगतो. २००४ साली एका चाचणीत दिसलं की इंजेक्शन चालू असताना ही कांडी कानशिलावर धरून ठेवली तर गुठळी लवकर सुटते. ४९ टक्क्यांत सुटली किंवा पेशंट झपाट्यानं सुधारला, नुसत्या इंजेक्शननं ३० टक्क्यांत. सगळे हरखले. मग मोठी चाचणी घेतली. २०१९ साली तिचा निकाल छापला : पेशंटला फायदा दिसला नाही. त्यांनी ते लपवलं नाही. कबुतरवाला मामा असं कधी सांगेल? देऊळवाला सांगेल? जे स्वतःची चूक छापतं ते आपलं. जे चुकीला वारं म्हणतं ते त्यांचं.

मग ही कांडी एकटी, आजच्या आज, कुणाचा जीव वाचवू शकते? तिथंच तर आपल्या थोबाडीत बसणारी गोष्ट आहे.

नागपूर. विदर्भ. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या मातीत आपण माणूस झालो तिथं आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे. तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, नळ्या खरवडते, अडवते. त्यातल्या काही पोरांना लकवा होतो. दहा वर्षांच्या पोराला लकवा! कोण म्हणत होता म्हाताऱ्यांचं दुखणं?

आणि हा लकवा येण्याआधी ऐकू येतो. १९९८ साली अमेरिकेतली चाचणी छापून आली. सिकलसेलच्या ज्या मुलांच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग या कांडीवर सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त निघाला, त्यांना नियमित रक्त दिलं. लकव्याचं प्रमाण ९२ टक्क्यांनी घटलं. इतका फरक की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. उरलेल्यांना उपचाराविना ठेवणं अन्याय ठरला असता. २०१६ साली आणखी एक चाचणी आली. त्यात वर्षभर रक्त चढवून झालेल्या आणि नळ्या फारशा न बिघडलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर आणता आलं. आता तिकडं २ ते १६ वयाच्या अशा मुलांची दरवर्षी ही तपासणी करा असं सांगतात. इथं सीटी लागत नाही, घाट आडवा येत नाही, घड्याळ डोक्यावर नाही. वर्षातून एकदा कानशिलावर कांडी. तेवढंच.

आपल्याकडं फार वर्षं सांगत आले की भारतातला सिकलसेल सौम्य असतो. नागपूरच्या डॉक्टरांनी पोरांवर जन्मापासून लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की तो तितका सौम्य नाही. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. कोट्यवधी लोकांची रक्ततपासणी आणि हातात कार्ड. ठीक. पण कार्डानं लकवा थांबत नाही. कार्डानंतर कांडी कुठाय? मोहिमेचा भर आदिवासी भागांवर, मग नागपूरच्या बौद्ध वस्तीतल्या पोराचं काय? हा प्रश्न चळवळीनं विचारलाय? किती सभांत?

आणि आता नावाची गोष्ट. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सकडून. आपण त्यांची मूठ घेतली, डरकाळी घेतली, चित्ता घेतला. त्या ब्लॅक पँथर्सनी काय केलं ठाऊक आहे? वस्त्यांत फुकट दवाखाने काढले. १९७१ पासून दारोदार जाऊन सिकलसेलची तपासणी केली. काळ्यांचा रोग म्हणून सरकार बघत नाही, तर आम्ही बघतो आणि सरकारला नागडं करतो, असा तो पवित्रा. १९७२ साली निक्सनसारख्या माणसाला सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली. आपलं आणि त्यांचं वर्ष एकच. रोगही एकच. त्यांनी डरकाळी फोडली आणि सुईही हातात घेतली. आपण नाव उचललं आणि दवाखाना तिथंच ठेवून आलो.

याचा अर्थ पँथरनं काही केलं नाही असा नाही. ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांच्यामुळं मी आज लिहितोय. पण फुटलेल्या डोक्याला टाके घालणारा कोण होता, हे त्यांनाच विचारा.

रायगडच्या पोरांनो, आपल्याला धडा लांबून आणायला नको. महाडचं चवदार तळं १९२३ च्या बोले ठरावानं खुलं झालं होतं. १९२४ ला नगरपालिकेनंही ठराव केला. कागदावर तळं आपलं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना पायऱ्या उतराव्या लागल्या. इथलेच कुळवाडी चरीच्या संपात १९३३ ते १९३९ शेतं ओस टाकून बसले, तेव्हा खोतांना कळलं. आजही कागदावर सगळं आपलं आहे. योजना आहे, कार्ड आहे, १०८ आहे. ओंजळ अजून पाण्याला लागलेली नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात किनाऱ्यावरचं एकही गाव असं नको, जिथून अडीच तासांत चालू सीटीपर्यंत पोचता येत नाही. रस्ता होत नसेल तर सीटीची गाडी आणा. सीटी असेल तिथं इंजेक्शन असलंच पाहिजे, आणि ते आधी द्या, पैशाचं नंतर विचारा. कांडी तिथंच जोडीला. प्रत्येक बुद्धवाडीत, कोळीवाड्यात, कातकरवाडीत तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी बघा, कारण बहुतेक लकव्यांची सुरुवात तिथं असते. आणि विदर्भातल्या सिकलसेलच्या प्रत्येक पोराच्या कानशिलावर वर्षातून एकदा कांडी.

आणि आपण काय करायचं? एका १४ एप्रिलच्या डीजेच्या पैशात बीपीची किती मशीनं येतात, हिशेब करा. मिरवणूक काढा, पण मिरवणुकीच्या तोंडाशी टेबल टाका आणि आयाबायांच्या दंडाला पट्टा बांधा. पाठ करा आणि पाठ करवून घ्या : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघायचं. किती वाजता झालं ते लिहायचं. पाणी पाजायचं नाही, चहा पाजायचा नाही, जिभेखाली गोळी नाही, कबुतर नाही. गाडी. सीटी असेल तिथंच गाडी. आणि "रेफर" लिहिणाऱ्याला एकच प्रश्न : जिथं पाठवताय तिथं सीटी चालू आहे का, फोन करून सांगा.

आय अजून आहे. वाडीत जात नाही. ओट्यावर बसते. डाव्या हातानं सुपारी उचलते, सोलायला जाते, उजवा हात येत नाही. मग ती सुपारी नुसती मुठीत धरून बसते. मला हाक मारायची असते तेव्हा एक आवाज काढते. शब्द नाही. मला तो कळतो. संध्याकाळी भरती आली की खाडीचं पाणी आवाज करतं आणि ती मान वळवून बघते.

परवा हसलेल्या मित्रा, तुझी आय कुठं असते? तिचं बीपी किती आहे? तिच्यापासून सीटी किती तासांवर आहे?

ठाऊक नसेल तर बैठकीला येऊ नकोस. आधी घरी जा.

जयभीम.